कडक भाकरी, शेंगदाणे आणि आरसा: आपला जबडा कोण चालवतं ते घरी तपासायची रीत

माझ्या आत्याला गेल्या वर्षी वर-खाली दोन्ही कवळ्या बसल्या. सोलापूरच्या साखर पेठेत सगळा जन्म कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन काढलेली बाई. कवळ्या छान बसल्या होत्या, टोचत नव्हत्या, बोलताना हलत नव्हत्या. तरी पहिल्याच आठवड्यात ताट बाजूला सारून म्हणाली, "दात नवे हायत गं, पण घास कुठं हाय तेच कळंना."

मी नर्सिंगच्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. जबड्याच्या नसेचं चित्र फळ्यावर किती वेळा काढलं असेल याची मोजदाद नाही. पण दात कापायचं हत्यार आहेच, त्याआधी तो बोटाच्या टोकासारखा चाचपून बघणारा अवयव आहे, हे आत्याच्या त्या ताटापुढे बसल्यावर डोक्यात पक्कं बसलं. तेव्हापासून वर्गात हा धडा मी फळ्यावर सुरू करत नाही, डबा उघडून करते. तीच रीत इथे क्रमाने देते आहे. अर्धा तास लागतो आणि शेवटी खाऊन टाकायचं असल्याने वाया काही जात नाही.

आधी सामान, आणि कोणी हे करू नये

एक कडक भाकरी. मऊ नको, पापडासारखी कडकडीत, सोलापुरात दुकानातून थप्पीने मिळते ती. सात-आठ भाजलेले शेंगदाणे, सालं काढून दोन फाकी केलेले. वाटीभर आमटी, शेंगांची असेल तर उत्तम. हातात धरायचा आरसा आणि सेकंद मोजायला मोबाइल. हात धुतलेले हवेत, कारण बोटं तोंडाजवळ जाणार आहेत.

दात हलत असेल, रूट कॅनॉल अर्धवट असेल, कानापुढचा जबड्याचा सांधा दुखत किंवा अडकत असेल तर कडक भाकरीचे प्रयोग सोडा, बाकीचे करा. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी शेंगदाण्याला हात लावू नये. लहान मुलांना अख्खा दाणा देऊन हा खेळ करू नका, दाणा श्वासनळीत जातो.

पायरी १: स्नायू बोटांनी शोधा

दोन्ही हातांची बोटं गालांवर, कानाच्या पाळीच्या थोडी खाली आणि पुढे, जबड्याच्या कोपऱ्यापाशी ठेवा. दात घट्ट आवळा. बोटांखाली गोळा उभा राहतो. तो मॅसेटर. आता बोटं कानशिलांवर न्या आणि पुन्हा आवळा. तिथे पंख्यासारखा पसरलेला टेम्पोरॅलिस हलतो. आमच्या आजोबांची गांधी टोपी जेवताना कानांवर वर-खाली व्हायची आणि आम्ही पोरं हसायचो, ती या स्नायूची करामत. जबडा मिटणारा तिसरा स्नायू जबड्याच्या आतल्या बाजूला असतो, तो बाहेरून हाताला लागत नाही.

आता हनुवटीखाली मऊ भागावर बोट ठेवा, दुसऱ्या हाताने हनुवटी खालून धरून ठेवा आणि हाताच्या विरोधात तोंड उघडायचा प्रयत्न करा. बोटाखाली जे ताठरतं ते उघडणारे स्नायू. मिटणाऱ्यांपुढे हे अगदी किरकोळ आहेत. धडधाकट माणूस दाढांनी जास्तीत जास्त जोर लावतो तेव्हा तो साधारण ५० ते ७० किलो वजनाइतका भरतो. उघडताना मात्र एका हाताने जबडा अडवता येतो, हे तुम्ही आत्ताच करून पाहिलंत. हा फरक लक्षात ठेवा, पुढे धनुर्वाताच्या वेळी लागेल.

मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या. त्यांतली पाचवी ट्रायजेमिनल. तिला तीन फांद्या आहेत आणि सर्वांत खालची फांदी जबडा मिटणाऱ्या सगळ्या स्नायूंना आणि उघडणाऱ्या बहुतेकांना हुकूम देते. गंमत अशी की गाल सातव्या नसेकडे आहे आणि जीभ बाराव्या नसेकडे. म्हणजे एक घास दाढांखाली धरून ठेवायला तीन वेगवेगळी खाती लागतात. ज्याचं तोंड एका बाजूला वाकडं झालंय, म्हणजे सातवी नस बसली आहे, अशा माणसाला जेवताना पाहा. चावण्याचा जोर शाबूत असतो, पण घास गाल आणि हिरडीच्या मध्ये साचतो आणि तो बोटाने काढावा लागतो. दाढा तयार, पण घास त्यांच्यावर ढकलणारा गालच रजेवर.

पायरी २: काहीच न करता जबडा कुठे असतो ते बघा

हे वाचताना तुमचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले आहेत का? हलू नका, आहे तसंच तपासा.

टेकलेले असतील तर ते बरं नव्हे. निवांत जबड्यात ओठ मिटलेले आणि दातांमध्ये साधारण २ ते ४ मिलिमीटरची फट असते. स्नायूंना हलका ताण देऊन मेंदू जबडा तेवढाच उचलून धरतो. गाढ झोपेत हा ताण सैल पडतो. पुण्याच्या एसटीत मोहोळ ओलांडेपर्यंत निम्म्या गाडीची तोंडं उघडी पडतात, ती त्यामुळे. दिवसभर दात टेकवून बसायची सवय, मग ती हिशेबाच्या वहीपुढे असो, मोबाइलपुढे असो वा मशीनच्या आवाजात, मॅसेटरला विनाकारण राबवते आणि संध्याकाळी कानशिलं दुखतात. उपाय साधा आहे: ओठ मिटा, दात सोडा, जिभेचं टोक वरच्या दातांमागे हलकेच टेकवा. दर तासाला एकदा आठवण ठेवली तरी फरक पडतो.

पायरी ३: हनुवटीवर टिचकी

तोंड किंचित उघडं ठेवा, जबडा अगदी सैल. डाव्या हाताचं बोट हनुवटीच्या खळगीत आडवं ठेवा आणि त्यावर उजव्या हाताच्या दोन बोटांनी खालच्या दिशेने टिचकी मारा. जबडा अगदी थोडा वर उसळेल किंवा काहीच होणार नाही. दोन्ही ठीकच. स्वतःच्या हनुवटीवर मारताना जबडा खरोखर सैल सोडणं अवघड जातं, म्हणून हे दुसऱ्याकडून करून घेतलेलं बरं.

गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो, त्याचंच हे जबड्यातलं भावंड. मिटणाऱ्या स्नायूंच्या धाग्यांमध्ये ताण मोजणारी बारीक, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळती इंद्रियं विखुरलेली असतात. सूतगिरणीत सूत गुंडाळायची जी चाती असते तिच्यासारखा आकार, म्हणून मी वर्गात त्यांना चात्याच म्हणते. मुलींच्या आज्या-पणज्या इथल्या मिलमध्ये कामाला होत्या, त्यामुळे शब्द समजावून सांगावा लागत नाही. टिचकीने स्नायू ताणला की चाती मेंदूच्या देठाकडे, म्हणजे डॉक्टर ज्याला ब्रेनस्टेम म्हणतात तिकडे, निरोप धाडते. तिथे फक्त एकदा हातबदल होतो आणि उलट हुकूम सुटतो: आवळ. जाऊन येऊन ६ ते ८ मिलिसेकंद.

इथे शरीराने एक चमत्कारिक व्यवस्था केली आहे. हातापायाकडून निरोप आणणाऱ्या नसांच्या मूळ पेशी मेंदू आणि मज्जारज्जूच्या बाहेर, गाठींमध्ये बसलेल्या असतात. जबड्याच्या चात्यांच्या पेशी मात्र थेट मेंदूच्या देठात आत जाऊन बसल्या आहेत आणि काही दातांच्या स्पर्शाचे निरोपही त्याच पेशी आणतात. बाकी सगळी खाती बाहेरच्या टेबलावर आणि जबड्याचं टेबल थेट साहेबांच्या खोलीत, असा प्रकार. उघडणाऱ्या स्नायूंमध्ये चात्या जवळजवळ नसतातच. तिथे तसा पहारा ठेवण्याची गरज नसावी, असं मला वाटतं.

डॉक्टर ही टिचकी मारतात तेव्हा जबडा जोरात उसळला तर या नसेच्या केंद्राच्या वरच्या भागात, मेंदूकडून येणाऱ्या वाटांवर दोन्ही बाजूंना काही बिघाड आहे का, असा संशय घेतात. तुम्ही घरी मारलेल्या टिचकीवरून मात्र कसलाही निष्कर्ष काढू नका.

पायरी ४: शेंगदाण्याची फाक, न मोडता

हा माझा सर्वांत आवडता प्रयोग, म्हणून इथे जरा रेंगाळते.

शेंगदाण्याची एक फाक वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये आडवी धरा. मोडायची नाही, पडू द्यायची नाही. मनात दहा मोजा. आरशात बघा. दात जवळजवळ नुसते टेकल्यासारखे दिसतील. तुम्ही किती जोर लावला? १९९० च्या दशकात स्वीडनमध्ये मॅट्स ट्रुल्सन आणि रोलँड योहानसन यांनी हेच मोजलं, आणि तेही शेंगदाण्यावरच. आमच्या वर्गात हे सांगितलं की टाळ्या पडतात, जणू काही दाणे सोलापुरातूनच गेले होते. तर माणसं दाणा धरायला एक न्यूटनपेक्षाही कमी जोर लावतात. म्हणजे तळहातावर ठेवलेल्या १०० ग्रॅम दाण्यांचं वजनही त्याहून जास्त. पन्नास किलोचा जोर लावू शकणारं यंत्र १०० ग्रॅमच्या आत खेळतं आणि तेही न बघता.

हे जमतं कारण दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नाही. त्याचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा धाग्यांचा पडदा असतो आणि दात त्यात झोळीत ठेवल्यासारखा टांगलेला असतो. त्या पडद्यात स्पर्श कळणारी नसांची टोकं पेरलेली आहेत. दात केसभर जरी कलला, तरी कोणत्या दिशेला आणि किती, हे ती टोकं कळवतात. ती हलक्या स्पर्शालाच तिखट असतात. पुढच्या दातांपाशी एक न्यूटनच्या आत आणि दाढांपाशी चार न्यूटनच्या आसपासपर्यंत त्यांचं खरं काम चालतं. त्यापुढे जोर वाढला तरी त्यांच्या निरोपात फार भर पडत नाही. घास सापडला, इथे आहे, असा निसटतोय, एवढं सांगायची त्यांची नेमणूक. जोर किती झाला याचा हिशेब चात्या आणि इतर इंद्रियं ठेवतात.

त्याच संशोधकांनी मग माणसांचे पुढचे दात इंजेक्शनने बधिर केले आणि पुन्हा दाणा धरायला दिला. स्नायू तेच, दात तेच, माणूस तोच. पण जोर बराच वाढला, एका वेळेपासून दुसऱ्या वेळेपर्यंत वाटेल तसा बदलू लागला आणि दाणा दातांतून निसटू लागला. डोळे बांधून सुईत दोरा ओवायला सांगावं, तसं काहीसं.

आत्याचं कोडं इथे सुटतं. कवळी हिरडीवर बसते. खाली मूळ नाही, झोळी नाही, नसांची टोकं नाहीत. हिरडीला दाब कळतो, पण तो पातेल्याखालच्या फडक्यासारखा, सगळीकडे एकदम. घास तिसऱ्या दाताखाली आहे की पाचव्या, हे सांगणारं कोणी उरलंच नाही. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं आणि आत्या कुरकुर करत नव्हती. ती अचूक बोलली होती.

पायरी ५: कडक भाकरी मोडा, आणि दात आपटत का नाहीत ते विचारा

आता कडक भाकरीचा तुकडा दाढांखाली धरा आणि सावकाश जोर वाढवत न्या. कट्. भाकरी मोडली. त्या क्षणाआधी जबड्यावर भरपूर जोर होता. वाट अडवणारी वस्तू एकाएकी नाहीशी झाली, तर वरचे आणि खालचे दात एकमेकांवर आपटायला हवे होते. दार ढकलत असताना आतून कोणी कडी काढली की आपण भेलकांडतो, तसं. पण जबडा थोडासा पुढे जाऊन थांबतो.

पुन्हा करा, या वेळी एका हाताची बोटं मॅसेटरवर ठेवून. तुकडा मोडताच बोटांखालचा गोळा ढिला पडलेला जाणवेल. स्नायू एकदम आखडला की चातीवरचा ताण जातो, ती गप्प होते आणि आवळण्याचा हुकूम १०-२० मिलिसेकंदांत कापला जातो. पण एवढ्यावर भागत नाही, कारण दात आपटायला त्याहूनही कमी वेळ पुरतो. दोन गोष्टी आधीच तयार असतात. एक, स्नायू वेगाने आखडू लागला की त्याचा जोर आपोआप घटतो, हा स्नायूचाच गुण. दुसरी, काहीतरी कडक मोडायचं आहे हे माहीत असलं की मेंदू उघडणाऱ्या स्नायूंनाही आधीपासून थोडा ताण देऊन ठेवतो, ब्रेकवर हलका पाय ठेवून गाडी चालवावी तसा. अंदाज हुकला की काय होतं ते मऊ भाजीत अचानक कडक मिरीदाणा लागल्यावर कळतं.

पायरी ६: लय मोजा

भाकरीचा दुसरा तुकडा घ्या आणि नेहमीसारखं चावा, मोबाइलवर ३० सेकंद लावून. किती वेळा जबडा खाली-वर झाला ते मोजा. बहुतेकांचं उत्तर सेकंदाला एक ते दीड वेळाच्या आसपास येतं. मग तेवढाच तुकडा आमटीत चांगला भिजवून तसंच मोजा. आणि तिसऱ्यांदा, घरात कोणाकडून तरी दुसऱ्या खोलीत चाललेल्या कामाबद्दल ऐकत, मान डोलावत चावा, म्हणजे लक्ष दुसरीकडे.

सुक्या भाकरीला गिळेपर्यंत लागणारे एकूण चाव जास्त आणि गालाचा गोळाही जास्त टणक. पण सेकंदाची लय फारशी हलत नाही. लक्ष दुसरीकडे असताना तर मुळीच नाही. मग ही लय देतं कोण?

१९१७ साली चार्ल्स शेरिंग्टन यांनी मोठा मेंदू काढलेल्या मांजरांवर पाहिलं की तोंडात दाब दिला की जबडा उघडतो आणि दाब गेला की उसळी मारून मिटतो. त्यावरून वाटलं की चावणं म्हणजे प्रतिक्षिप्त क्रियांची साखळी असावी: घास दाबला की उघड, उघडलं की मिट, मिटलं की पुन्हा घास दाबला. पटण्यासारखं होतं. १९७१ साली डेलो आणि लुंड यांनी सशांचे स्नायू औषधाने निकामी केले, म्हणजे जबडा हलणारच नाही आणि हालचालीचे निरोप परत येणार नाहीत. तरी मेंदूला उत्तेजना दिल्यावर जबड्याच्या नसांमध्ये चावण्याची लय उमटतच राहिली. लय दातांतून येत नव्हती, मेंदूच्या देठातच तयार होत होती. अशा पेशींच्या जाळ्याला नमुना-निर्माता म्हणता येईल. मोठ्या मेंदूने फक्त चालू कर, बंद कर, आता डावीकडून, एवढं सांगायचं.

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांनी माग पाहिलेत त्यांना हे सांगायला एक सोपी वाट आहे. सोलापुरी चादरीची नक्षी मागवाल्याच्या हातात नसते, जकार्डवर, म्हणजे मागाला जोडलेल्या नक्षीच्या यंत्रावर, फिरणाऱ्या पुठ्ठ्यांच्या भोकांत असते. मागवाला माग चालू करतो, पुढे कोणते धागे उचलायचे ते पुठ्ठे ठरवतात. मोठा मेंदू हा मागवाला, देठातलं जाळं म्हणजे पुठ्ठ्यांची माळ. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की माग थांबतो तसं घासात खडा लागला की जबडा थांबतो, इथपर्यंत उपमा चालते. पुढे मात्र ती फाटते. पुठ्ठा धागा जाड आहे की बारीक हे बघून आपली भोकं बदलत नाही. तोंडातला पुठ्ठा प्रत्येक चावाला बदलतो. घास कडक आहे हे पहिल्या एक-दोन चावांत दातांच्या झोळीने आणि चात्यांनी कळवलं, की पुढच्या चावात जोर घास लागण्याआधीच वाढवून ठेवलेला असतो. पाठ्यपुस्तकांत लय एका पानावर आणि संवेदना दुसऱ्या पानावर छापतात, त्यामुळे मुलींना ही दोन वेगळी यंत्रं वाटतात. चित्र काढायला सोपं जातं, एवढाच त्याचा फायदा.

जाता जाता एक: उजव्या आणि डाव्या जबड्याच्या केंद्रांना मोठ्या मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून हुकूम येतात. म्हणून एका बाजूचा पक्षाघात झालेल्या माणसाचा हात लुळा पडतो, तोंड वाकडं होतं, पण चावण्याचा जोर बहुधा टिकतो. त्याला भरवताना खरी भीती असते ती गिळण्याची, चावण्याची नव्हे.

पायरी ७: खडा, जीभ आणि थांबण्याची कला

हा प्रयोग मुद्दाम करू नका, तो आपोआप होतोच. ज्वारी नीट निवडली नसली की भाकरीत कधीतरी खडा येतो. कर्र, आणि जबडा जागच्या जागी थांबलेला असतो. "खडा आहे" हा विचार मनात उमटण्याआधीच. आवळणाऱ्या स्नायूंचा हुकूम १०-१५ मिलिसेकंदांत पहिल्यांदा तुटतो आणि साधारण ४०-५० मिलिसेकंदांपाशी दुसऱ्यांदा. दुसऱ्या थांब्यापर्यंत निरोप देठातल्या बऱ्याच पेशींतून फिरून आलेला असतो.

थांबवणं हेही कामच आहे आणि त्यासाठी वेगळ्या पेशी नेमलेल्या आहेत. धनुर्वाताचं विष नेमकं त्यांनाच गप्प करतं. थांबवणारं कोणी न उरल्याने सगळेच स्नायू आवळले जातात. पण पहिल्या पायरीत पाहिलं तसं मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा कितीतरी दणकट, म्हणून तोंड मिटलेलंच राहतं. या रोगात दातखीळ आधी बसते ती त्यामुळे. गंजलेला खिळा किंवा शेतातली जखम झाल्यावर इंजेक्शन का घ्यायचं, हे मी मुलींना नेहमी या जबड्यापासून सांगते.

जिभेचं कौतुक वेगळं करायला हवं. दिवसभरात शेकडो वेळा ती दाढांच्या मधे जाऊन घास लोटते आणि दाढा मिटायच्या आत बाहेर येते. २०१४ साली उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की देठातल्या काही पेशी डाव्या-उजव्या दोन्ही जबड्यांना एकाच वेळी हुकूम देतात आणि काहींच्या जोडण्या जबडा व जीभ यांचा मेळ घालायला सोयीच्या आहेत. म्हणजे दोघांचं वेळापत्रक बऱ्याच अंशी एकाच टेबलावर लिहिलं जातं. जीभ चावली जाते ती बहुधा बोलता बोलता खाताना, कारण बोलण्याचे हुकूम वरून येतात आणि चावण्याची लय खालून. "कोणीतरी आठवण काढली" म्हणायचं ते म्हणा, पण घास तोंडात असताना फोनवर भांडू नका.

पायरी ८: गिळताना

शेवटचा घास गिळताना लक्ष द्या: दात हलकेच टेकतात, जीभ टाळूला चिकटते आणि श्वास क्षणभर थांबतो. चावणाऱ्या जाळ्याने गिळणाऱ्या जाळ्याकडे कारभार सोपवला. ते देठातच, जरा खाली असतं.

हे कळल्यावर रोजच्या खाण्यात काय बदलायचं

दाताच्या इंजेक्शननंतर बधिरता उतरेपर्यंत, साधारण दोन ते चार तास, काही चावू नका. तोंडात अंधार असतो. खालचा ओठ आणि जीभ चावून रक्त निघालं तरी कळत नाही. लहान मुलं तर गंमत म्हणून बधिर ओठ चावत बसतात, त्यांच्याजवळ बसून राहा.

दात काढायची वेळ आली तर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: एखाद-दोन मुळं ठेवून त्यांवर कवळी बसवता येईल का? मूळ राहिलं की त्याभोवतीची झोळी आणि नसांची टोकंही राहतात आणि कवळीला थोडे तरी डोळे येतात. प्रत्येकाला ते शक्य नसतं. हिरड्या फार खराब असतील तर मूळही जातं. हाडात स्क्रूसारखं बसवलेलं इम्प्लांट घट्ट असतं, जोर चांगला येतो, पण त्याभोवतीही ही झोळी नसते. हाडातून थोडंफार जाणवतं, तेवढंच.

पूर्ण कवळीवाल्यांसाठी: घास लहान, आणि दोन्ही बाजूंच्या दाढांखाली थोडा-थोडा. एकाच बाजूने चावलं की कवळी दुसरीकडून उचकटते. पुढच्या दातांनी तोडू नका, हाताने मोडा किंवा सुरीने कापा. पहिले काही आठवडे भिजवलेली भाकरी, मग मऊ भाकरी, कडक भाकरी सर्वांत शेवटी. मेंदूला नवे निरोप वाचायला वेळ लागतो.

तोंड किती उघडतं तेही एकदा बघून ठेवा. आपलीच तीन बोटं, एकावर एक, वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये उभी मावायला हवीत. दोनच मावत असतील आणि गुटखा, मावा किंवा सुपारीची सवय असेल तर हा नसेचा प्रश्न नाही. सुपारीमुळे गालाचं आतलं अस्तर घट्ट दोरीसारखं होत चाललेलं असतं आणि त्यात कर्करोगाचा धोका असतो. पहिली खूण बहुतेकदा हीच की नेहमीची शेंगाचटणी एकाएकी तोंडाला आग लावते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, टपरीवर ती किती पाळली जाते ते तुम्हाला ठाऊकच आहे. सवय बंद करून दंतवैद्याकडे जा.

बाकी काही खुणा अशा, की वाट बघू नये. चावताना किंवा दात घासताना गालात विजेसारखी कळ सणकून जात असेल तर ते पाचव्या नसेचं दुखणं असू शकतं. नुसते दात काढून ते जात नाही, म्हणून दातांची रांग रिकामी करण्याआधी मज्जाविकारतज्ज्ञाला दाखवा. जेवण अर्ध्यावर आल्यावर जबडा थकून लोंबत असेल, हनुवटी हाताने धरावी लागत असेल, पापण्याही उतरत असतील, तर नस आणि स्नायू यांच्या जोडावरचा आजार तपासून घ्यायला हवा. पन्नाशीपुढच्या माणसाचा जबडा चावताना दुखतो आणि थांबलं की राहतो, सोबत कानशिलाला नवीनच डोकेदुखी, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण त्यात नजर जाऊ शकते. तोंड उघडताना हनुवटी नव्याने एका बाजूला सरकू लागली असेल तर सांध्याचा दोष असू शकतो किंवा त्याच बाजूच्या नसेचा. ते आरशात ठरत नाही.

आत्याला हे सगळं मी सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि आपली वाट आपणच काढली. आता ती कडक भाकरी आमटीत अर्धीच भिजवते, कोपरा कुरकुरीत राहील इतपत. घास तोंडात घालते, मान थोडी कलती करते आणि सावकाश चावते. कट् झालं की जोर कमी करते. हिरडीला जे कळत नाही ते हाडातून कानापर्यंत जातं, हे तिला कोणी शिकवलेलं नाही. परवा रात्री मी तिच्याकडे जेवायला बसले होते, बातम्या चालू होत्या. तिने घास तोंडात धरूनच हाताने खूण केली, गिळला, आणि म्हणाली, "ते टीव्ही बंद कर गं आधी. घास ऐकू येईना."